वाळा४६

डिसेंबरात कूलरवाल्याला कोण पुसते?
कमाल चौकात दुकान उघडून बसतो,
पंपांचे सांगाडे, गंजलेल्या जाळ्या,
वाळ्याचे जुने तट्टे भिंतीला टेकलेले.
भाचीनं लॅपटॉप ठेवला बेंचवर, म्हणाली,
मामा, माशा मारण्यापेक्षा हे खेळ.

आधी नाव मागितलं.
सुगत टाकलं, तर कोणीतरी आधीच घेतलेलं.
एकावन्न वर्षं मी त्याच नावावर जगून राह्यलो,
कोणी बोललं नव्हतं.
मग समोर दिसलं ते लिहिलं, वाळा.
तेही गेलेलं. मागे सेहेचाळीस जोडले,
मे महिन्यात पारा तिथवर चढतोच.
मशीन म्हणालं, चालते.

मग चेहरा. नाक लांब करता येते,
गेलेले केस परत आणता येतात.
मिशी कशाला मामा, संघमित्रा म्हणे.
राहू दे. तेवढं तरी माझं.

गावाबाहेर उभं केलं, अंगात फाटका सदरा,
हातात दांडा,
आणि काम काय, तर विहिरीजवळचे दहा उंदीर मारा.
बाप्पा! हे तर इतवारीच्या गोदामात
सोळाव्या वर्षी केलं मी, उस्तादच्या हाताखाली.
तीन महिने नुसता गंज घासला,
चौथ्या महिन्यात त्यानं पाना धरू दिला.

दहा उंदीर, मग दहा लांडगे,
मग सोनेरी अक्षरं उमटली
आणि पाच गुण दिले हातावर: तुझे तू वाट.
मी सगळे ताकदीत घातले.
पुढच्या वेळचे पण. त्याच्या पुढचे पण.
एका घावात राक्षसाचे दोन तुकडे,
आणि त्याच्या पोट्ट्यानं फुंकर मारली की मी आडवा.
काहून मामा, संघमित्रानं कपाळाला हात लावला,
जीव कोण वाढवणार मग?
खरं सांगतो, माझ्या ध्यानातच नाही आलं
की जीवही वाढवता येते.

मेलं की पुन्हा विहिरीपाशी. अंगावर तेच कपडे.
चौदा वेळा मेलो त्या गुहेत,
उमरेडच्या खाणीसारखा काळा अंधार,
तळाशी तो, दोन मजली, साखळदंड ओढत.
पंधराव्या वेळी शेजारी कोणी उभं होतं,
हातात कंदील, नाव फक्त ‘उशीर’.
बाई की बुवा, कुठलं गाव, देव जाणे.
एका बोटानं टाईप केलं मी: जमून नाही राह्यलं.
उत्तर आलं: बघू नका त्याला. ऐका.

अन् ऐकलं.
घाव घालण्याआधी तो घरघरतो,
अगदी बेअरिंग जायच्या आधी मोटार घरघरते तसा,
अर्धा सेकंद, खालच्या पट्टीत.
हा आवाज तर मी झोपेतही ओळखतो.
सरकलो. पुन्हा घरघर, पुन्हा सरकलो.
पोहेवाला प्लेट हातात घेऊन दारात थांबला,
तर्री थंडी होऊन राह्यली भाऊ,
आणि मी त्याला हातानं गप्प.

पडला तो. संपूर्ण दुकान थरथरलं,
म्हणजे मीच.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिलं गिऱ्हाईक आलं,
हवा येऊन नाही राह्यली म्हणे, कधी देता?
रात्री एकदाच आत गेलो.
उशीर कंदील घेऊन पुलावर होता.
उद्या? त्यानं विचारलं. किंवा तिनं.
सीझन आहे, मी लिहिलं. जूननंतर.
बराच वेळ काही आलं नाही.
मग: कंदील तुमच्याकडे ठेवा.
बत्तीसाव्या पातळीचा वाळा४६
कंदील घेऊन पुलावर उभा आहे अजून, मिशीसकट.

दुकानात नवीन पोट्टा लागला, अठरा-एकोणीसचा, दांडगा.
आल्या आल्या चार टाक्या एकट्यानं उचलल्या उन्हात,
पाचवीला हात घातला.
मी पाना त्याच्या हातात दिला, पहिल्याच दिवशी,
आणि म्हटलं, थांब बे.
आधी पाणी पी.